कंपनी मेलला उत्तरच देत नाही, मी काय करू?

या वेळचं पत्र एका ताईंचं आहे. नाव-गाव आणि ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय, आणि पत्र बरंच मोठं होतं म्हणून मुद्द्याचं तेवढंच इथे देते.

ताई दीड वर्षापासून मिस्ट्री शॉपिंगची कामं करतात. म्हणजे साधं गिऱ्हाईक म्हणून दुकानात, बँकेत, शोरूममध्ये जायचं, कसं वागवलं ते बारकाईनं बघायचं आणि घरी येऊन रिपोर्ट भरायचा. काम देणारी कंपनी मधली असते, दुकान हे त्या कंपनीचं क्लायंट. गेल्या महिन्यात एका व्हिजिटला गाईडलाईन्समध्ये लिहिलेलं की एका ठरावीक काउंटरवर सल्ला मागायचा आणि मग छोटी खरेदी करायची. ताई पोचल्या तर तो काउंटरच बंद. त्यांनी शेड्युलरला, म्हणजे कंपनीत व्हिजिटची कामं वाटणाऱ्या बाईंना, मेल टाकला, वीस मिनिटं बाहेर थांबल्या, उत्तर नाही, आणि डेडलाईन त्याच दिवसाची. शेवटी दुसऱ्या काउंटरवर तेच प्रश्न विचारले, खरेदी केली, रात्री रिपोर्ट भरला. दुसऱ्या दिवशी कंपनीत रिपोर्ट तपासणाऱ्या एडिटरचा प्रश्न आला, "सल्ला कोणत्या काउंटरवर घेतला ते स्पष्ट करा, वेळा जुळत नाहीत." ताईंना तो आरोप वाटला आणि त्यांनी रागाच्या भरात लांबलचक उत्तर पाठवलं. मग रिपोर्ट रिजेक्ट, फी नाही, खरेदीचे पैसेही नाहीत. त्यानंतरच्या तीन मेलना काहीच उत्तर नाही.

त्या लिहितात, "यांना आमची किंमतच नाही का? जास्त प्रश्न विचारले तर कामं बंद होतील म्हणून मी दीड वर्षं कधी काही विचारलं नाही. आता वाटतं सरळ त्या दुकानाच्या मॅनेजरला सगळं सांगावं, नाहीतर ऑनलाईन नावं घेऊन लिहावं, नाहीतर हे कामच सोडावं."

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना पोटात तुटलं, कारण मी स्वतः चार वर्षं अशा व्हिजिट्स केल्यात आणि नंतर दोन वर्षं दुसऱ्या बाजूला बसून रिपोर्ट तपासायचं काम केलंय, त्यामुळे आपल्या खिशातून खर्च करून, पायपीट करून, रात्री जागून भरलेला रिपोर्ट एका शब्दात रिजेक्ट झाला की कसं वाटतं ते मला माहितीये, आणि तो रिजेक्टचा शिक्का मारायच्या आधी त्या टोकाला काय चाललेलं असतं तेही थोडंफार माहितीये. म्हणून तुमच्या बाजूनं बोलेन पण काही ठिकाणी तुम्हाला टोकेन सुद्धा, ते मनाला लावून घेऊ नका.

आधी मॅनेजरचं बोलून टाकते कारण ते तातडीचं आहे. मॅनेजरला काही सांगू नका. कंपनीत नाव नोंदवताना तुम्ही जो करार मान्य केलात, त्यात गुप्ततेची अट असणारच, आणि तुम्ही व्हिजिट कोणासाठी केली, कधी केली, काय लिहिलं हे त्या अटीत येतं. शिवाय ज्या दुकानाचं मोजमाप करायला तुम्ही गेलात त्याच दुकानाच्या मॅनेजरला तुम्ही कोण ते कळलं की तुमचं तिथलं काम कायमचं गेलं, आणि ज्या माणसानं दुसऱ्या काउंटरवर तुमच्याशी चांगलं बोलून मदत केली त्याची विनाकारण चौकशी लागायची शक्यता. तो बिचारा यात कुठेच नव्हता. नावं घेऊन जाहीर लिहिण्याचंही तेच. क्लायंटचं नाव आणि त्या व्हिजिटचे तपशील उघड केलेत तर पैशांचा मुद्दा बाजूला पडतो आणि करार तुम्ही मोडला हा मुद्दा उभा राहतो, म्हणजे न्याय मागायला गेलं आणि आपणच तोंडघशी पडलो असं व्हायचं.

आता "यांना आमची किंमत नाही का" या प्रश्नाकडे येऊ. तुम्ही "यांना" म्हणताय ना, तिथेच मला थोडं थांबावंसं वाटतं. मेलच्या पलीकडे एकच माणूस बसलाय असं आपण धरून चालतो, पण तिथे निदान चार जण असतात. शेड्युलर काम वाटते, तारखा बघते. एडिटर रिपोर्ट वाचते, आणि बऱ्याचदा तिला शेड्युलरशी तुमचं काय बोलणं झालं हे दिसतच नाही. पैशांचं अकाउंट्सवाले बघतात. आणि क्लायंटचं खातं सांभाळणारा एक प्रोजेक्टवाला असतो, रिपोर्ट शेवटी ठेवायचा की टाकायचा हे बऱ्याच वेळा तो आणि क्लायंट मिळून ठरवतात, कधीकधी एडिटरनं पास केलेला रिपोर्टही क्लायंट नाकारतो. अनेक शेड्युलर तर स्वतःच कॉन्ट्रॅक्टवर असतात, आणि महिनाअखेर म्हणजे त्यांची नुसती धावपळ, कारण शंभर ठिकाणच्या व्हिजिट्स पूर्ण व्हायच्या असतात, कोणी आयत्या वेळी नाही म्हणतं, कोणी जातच नाही, मग बोनस वाढवून दुसरं कोणी शोधायचं.

तुम्ही पत्रासोबत तुमचे तीन मेल जोडलेत ते बरं केलंत, कारण त्यावरूनच मला अर्धं उत्तर मिळालं. पहिला मेल तुम्ही पोर्टलवरून आलेल्या ऑटोमॅटिक रिमाइंडरला रिप्लाय म्हणून पाठवलाय. तसल्या पत्त्यावर आलेले मेल बहुतेक ठिकाणी कोणी उघडतच नाही. दुसरा आणि तिसरा शेड्युलरला गेलाय, पण विषय पैशांचा आणि रिजेक्शनचा आहे, जे तिच्या हातात नाही. आणि तिसऱ्या मेलचा मजकूर बघा, तुमचाच आहे, मी फक्त परत तुमच्यासमोर ठेवते: "मॅडम, मी याआधीही मेल केला होता पण काहीच रिप्लाय नाही. मी एवढ्या लांब जाऊन काम केलं आणि तुम्ही असं करता हे बरोबर नाही. कृपया लवकरात लवकर बघा."

यात तुमचं दुःख आहे, पण जॉब नंबर नाही. व्हिजिटची तारीख नाही. विषयाच्या जागी नुसतं "रिप्लाय द्या" लिहिलंय. आणि नेमकं काय बघायचं तेही नाही. हा मेल उघडणाऱ्या बाईला तुमचं नाव शोधावं लागणार, तुमच्या दीड वर्षातल्या व्हिजिट्समधून कुठली ते ओळखावं लागणार, मग एडिटरला विचारावं लागणार, मग अकाउंट्सला. तेवढ्यात तिच्यासमोर दुसरे पन्नास मेल येतात ज्यांचं उत्तर एका ओळीत देता येतं, आणि ती ते आधी उरकते. हे योग्य आहे असं मी म्हणत नाहीये, असं होतं एवढंच सांगतेय.

आता हाच मेल असा लिहिला तर बघा. पत्ता शॉपर सपोर्ट किंवा हेल्पडेस्कचा, शेड्युलरला कॉपी. विषय: "जॉब नंबर अमुक, व्हिजिट अमुक तारखेची, रिजेक्शनचं कारण आणि खरेदीची रक्कम". आत: "नमस्कार. या जॉबचा रिपोर्ट अमुक तारखेला रिजेक्ट झालेला दिसतो, पोर्टलवर कारण दिसत नाही. व्हिजिटच्या वेळी ठरलेला काउंटर बंद होता, ते मी तिथूनच ३ वाजून १० मिनिटांनी मेल करून कळवलं होतं, तो मेल जोडलाय. पावतीही जोडलीय. मला दोन गोष्टी कळवा, रिजेक्शनचं नेमकं कारण काय, आणि केलेल्या खरेदीची रक्कम मिळू शकते का. हे तुमच्याकडे येत नसेल तर कोणाला लिहू तेवढं सांगा." बास. यात रागाचा एक शब्द नाही पण हा मेल तुमच्या तिन्ही मेलपेक्षा कडक आहे, कारण तारीख, वेळ आणि पुरावा समोर आहे आणि याला "बघते" म्हणून टाळता येत नाही. ते शेवटचं वाक्य तर कायम लिहा, चुकीच्या माणसाकडे गेलं तरी मेल पुढे सरकतो.

दुसरं म्हणजे तुम्ही लिहिलंय की जास्त विचारलं तर कामं बंद होतील म्हणून कधी विचारलंच नाही. ताई, ही भीती मला खूप शॉपर्समध्ये दिसते, खास करून ज्यांना हे पैसे खरोखर लागतात त्यांच्यात, आणि मला याचं फार वाईट वाटतं कारण गोष्ट उलटी आहे. मी रिपोर्ट तपासायचे तेव्हा काही नावं बघून मला हायसं वाटायचं, ते असे लोक होते जे काम घेतल्या दिवशीच एक छोटा मेल टाकायचे की गाईडलाईन्सच्या अमुक मुद्द्यात सकाळ म्हटलंय आणि खालच्या मुद्द्यात दुपारी १२ नंतर म्हटलंय, कुठलं धरू? असे प्रश्न आले की आमच्या लक्षात यायचं की गाईडलाईन्समध्येच चूक आहे, आणि मग सगळ्यांनाच दुरुस्त कॉपी जायची. म्हणजे त्या एका माणसानं विचारल्यामुळे बाकीच्यांचे रिपोर्ट वाचले. काम बंद होतं ते आयत्या वेळी गायब होणाऱ्यांचं, आणि न विचारता स्वतःच्या मनानं बदल करणाऱ्यांचं.

फक्त विचारायची एक वेळ असते. गाईडलाईन्स पंचवीस-तीस पानांच्या असल्या तरी काम घेतलं त्याच दिवशी बसून वाचा, गाडी लावताना किंवा दारात उभं राहून वाचू नका, तेव्हा प्रश्न पडला तरी उत्तर द्यायला पलीकडे कोणी असेलच असं नाही. वाचताना स्वतःला विचारत जा की हे झालं नाही तर? काउंटर बंद असला तर, सांगितलेली वस्तूच संपली असली तर, ज्याचं नाव टिपायचं त्यानं बॅजच लावला नसला तर. ज्याचं उत्तर गाईडलाईन्समध्ये सापडत नाही ते त्याच दिवशी विचारा आणि विचारताना आडून आडून नको, ताकाला जाऊन भांडं लपवलं की समोरच्यालाही कळत नाही तुम्हाला काय हवंय. "थोडा डाऊट होता" असं लिहून थांबू नका. "काउंटर बंद असेल तर खरेदी न करता परत येऊ का, की दुसऱ्या काउंटरवर व्हिजिट पूर्ण करू?" असं विचारा, म्हणजे तिला एका शब्दात उत्तर देता येतं. मी तर शेवटी लिहायचे की तुमचं उत्तर नाही आलं तर मी खरेदी न करता परत येईन. गप्प राहिले तरी माझं पाऊल ठरलेलं आणि लेखी असायचं.

आता तो बंद काउंटर. इथे मला तुम्हाला थोडं टोकायचंय. दुसऱ्या काउंटरवर जाऊन काम पूर्ण केलंत त्यात तुमचा प्रामाणिकपणाच होता, डेडलाईन चुकू नये, कंपनीचं नुकसान होऊ नये, हे मला कळतं. पण क्लायंटला काय हवं असतं ते बघा. त्याच्या अनेक शाखा असतात आणि प्रत्येक ठिकाणी तोच काउंटर, तोच प्रश्न, तीच मोजणी, म्हणजे एकमेकांशी तुलना करता येते. तुम्ही दुसऱ्या काउंटरची माहिती आणलीत, ती कितीही खरी असली तरी त्या तक्त्यात बसत नाही. उलट "कामाच्या वेळेत काउंटर बंद होता" ही बातमी क्लायंटसाठी सोन्यासारखी होती आणि ती तुमच्या रिपोर्टमध्ये, तुम्हीच पाठवलेल्या कॉपीत, शेवटून दुसऱ्या प्रश्नाच्या कॉमेंटमध्ये एका ओळीत दडलेली आहे. वरच्या प्रश्नाला मात्र "काउंटरवर सल्ला मिळाला का" ला तुम्ही "हो" टिक केलंय. एडिटरनं वरून वाचत येताना पाहिलं की काउंटरवर पोचायची वेळ ३:०५ आणि सल्ला सुरू झाला ३:३२, मधली सत्तावीस मिनिटं कुठे गेली तिला कळेना. म्हणून तिनं विचारलं.

अशा वेळी माझ्या मते हे करायला हवं होतं, आणि बाकी वाचणाऱ्यांसाठीही सांगते. बंद असल्याची वेळ टिपायची, बाहेरचा बोर्ड किंवा बंद काउंटर दिसेल असा फोटो काढायचा पण फोटोला गाईडलाईन्समध्ये मनाई नसेल तरच, गाईडलाईन्सच्या पहिल्या किंवा शेवटच्या पानावर तातडीचा फोन नंबर असतो का बघायचं आणि असेल तर मेल न करता फोन करायचा, आणि उत्तर मिळालंच नाही तर खरेदी न करता निघून यायचं. मग त्याच संध्याकाळी लेखी कळवायचं. बऱ्याच कंपन्या असा पुरावा दिला तर तारीख वाढवून देतात किंवा फेरीची थोडी फी देतात, सगळ्या नाही देत, पण खरेदीचे पैसे तरी आपल्या खिशात राहतात. आणि समजा बदल करावाच लागला तर रिपोर्टच्या पहिल्या कॉमेंटमध्ये पहिल्याच वाक्यात तो सांगायचा. बदल लपला की तोच बदल लबाडीसारखा दिसतो, आणि तुमचं मन साफ होतं हे समोरच्याला कागदावरून कळायला दुसरा मार्ग नसतो.

एडिटरच्या प्रश्नाबद्दल थोडं सविस्तर सांगते कारण सगळ्यात जास्त भांडणं मी इथेच पाहिलीत. "स्पष्ट करा" हा शब्द वाचला की आपल्याला शाळेत उभं केल्यासारखं होतं. पण एडिटर त्या दुकानात नव्हती, तिच्याकडे फक्त तुमचे शब्द आहेत. माझ्या टेबलवर रात्री एकामागून एक रिपोर्ट यायचे, एकात लिहिलेलं असायचं "सर्व्हिस ठीक होती, पण माणूस जरा उद्धट वाटला". पुढचा रिपोर्ट असा, "११:४२ ला आत गेले. समोर दोन कर्मचारी होते, एक फोनवर, एक बिलं लावत होता. ११:४९ ला मी स्वतः हाक मारली तेव्हा बिलं लावणाऱ्यानं वर न बघता 'बोला' म्हटलं." दोन्ही बायकांना बहुतेक सारखाच अनुभव आला असेल. पण पहिलीला मला विचारावंच लागायचं की उद्धट म्हणजे नेमकं काय झालं, कारण तो रिपोर्ट उद्या त्या दुकानाच्या मॅनेजरसमोर जाणार, तो म्हणणार आमचा माणूस तसा नाहीच, त्या दिवशी तो ड्युटीवर तरी होता का, आणि मग पुरावा दाखवायची वेळ कंपनीवर येते. एका माणसाच्या पगारवाढीवर, कधी नोकरीवर त्या दोन ओळींचा परिणाम होऊ शकतो. म्हणून वेळा जुळल्या पाहिजेत ही एडिटरची हट्टी मागणी त्या काउंटरवरच्या अनोळखी माणसासाठी सुद्धा असते. मला हे काम त्यासाठीच महत्त्वाचं वाटायचं.

तेव्हा एडिटरचा प्रश्न आला की तेवढ्याच प्रश्नाचं उत्तर द्यायचं. तुमच्या बाबतीत पुरेसं होतं ते असं, "ठरलेला काउंटर ३:०५ ला बंद दिसला. ३:१० ला मेल केला. ३:३० पर्यंत थांबले. ३:३२ ला शेजारच्या काउंटरवर सल्ला घेतला. वरच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं बदलायला हवं, ही माझी चूक." पाच वाक्यं. तुम्ही पाठवलेल्या उत्तरात यातली एकच गोष्ट आहे आणि बाकी दीड पान कंपनी कशी वागते याबद्दल आहे, ते सगळं खरं असेल पण डोक्यात राख घालून लिहिलेल्या त्या दीड पानात एडिटरला हवं होतं ते हरवलं. त्यातून तिनं काय निष्कर्ष काढला असेल याचा अंदाज येतो. लगेच उत्तर द्यायची मुदत थोडी असते, कधी काही तासांचीच, हे मला माहितीये. तरी लिहून झाल्यावर दहा मिनिटं बाजूला ठेवा आणि मग पाठवा.

एवढं बोलले तरी कंपनी सुटत नाही. गाईडलाईन्समध्ये काउंटर बंद असला तर काय करायचं ते नव्हतं, ही त्यांची चूक. डेडलाईनच्या दिवशी संपर्काला कोणीच नाही, ही त्यांची चूक. आणि रिजेक्ट करताना कारण न देणं आणि नंतर तीन मेलना गप्प बसणं हे तर सरळ सरळ अन्यायाचं आहे, भले मेल अर्धवट लिहिलेले का असेनात, "जॉब नंबर पाठवा" एवढं लिहायला किती वेळ लागतो? शेड्युलर किंवा एडिटर मंडळी हे वाचत असतील तर त्यांना हात जोडून सांगते, "मिळालं, दोन दिवसांत कळवते" ही एक ओळ पाठवा. समोर बसलेला माणूस पदरचे पैसे घालून तुमचं काम करतो, त्याला अंधारात ठेवू नका.

तुम्ही या कंपनीच्या नोकर नाही, स्वतंत्र कॉन्ट्रॅक्टर आहात, म्हणजे नोकरदाराला मिळणारं संरक्षण सहसा नाही, पण करार दोघांवर बंधनकारक असतो. तो पोर्टलवर असतोच, काढून वाचा. रिजेक्शनच्या अटी काय, पैसे किती दिवसांत, तक्रार कुठे. नवा मेल गेल्यावर पाच कामाचे दिवस थांबा, मग त्याच मेलवर फॉलोअप करा, नवा धागा सुरू करू नका नाहीतर आधीचं सगळं सुटतं. तरीही नाही आलं तर करारात किंवा वेबसाईटवर ज्याचं पद दिलंय त्याला वरच्या पायरीवर लिहा. त्याच्याही पलीकडे, या धंद्यातल्या कंपन्यांची एक संघटना आहे, एमएसपीए, १९९८ मध्ये अमेरिकेत सुरू झाली आणि आता वेगवेगळ्या खंडांत तिच्या शाखा आहेत. सभासद कंपन्यांसाठी तिची आचारसंहिता आहे. तुमची कंपनी सभासद आहे का ते बघा, असेल तर तारखांसह सगळा पत्रव्यवहार जोडून तिथे लिहून बघायला हरकत नाही. संघटना स्वतः कोणाला कामं देत नाही की पैसे देत नाही, तेव्हा तिथून रक्कम मिळेल अशी आशा धरू नका, पण सभासद असलेल्या कंपनीला आपलं नाव तिथे खराब व्हायला नको असतं.

काम सोडायचं का? मला तुमच्या पत्रातून वाटलं की तुम्हाला हे काम आवडतं, रिपोर्टमधली तुमची निरीक्षणं चांगली आहेत, खरंच. एका कंपनीमुळे सगळं सोडू नका, पण सगळी अंडी एका टोपलीत ठेवल्यासारखं एकाच कंपनीवर अवलंबूनही राहू नका. एक वही किंवा शीट करा, त्यात कंपनी, जॉब नंबर, व्हिजिटची तारीख, रिपोर्ट कधी दिला, किती येणं आहे, कधी यायला हवं. पैसे यायला ३० ते ६० दिवस लागणं या धंद्यात नेहमीचं आहे, तेव्हा वही नसेल तर कोणाचं काय राहिलं हे लक्षातच राहत नाही. ज्या कंपनीकडून आधीचे पैसे आले नाहीत तिचं मोठ्या खरेदीचं काम घेऊ नका, बोनस कितीही असला तरी. फीपेक्षा खर्चच मोठा आणि तोही आपल्या खिशातून, म्हणजे नाकापेक्षा मोती जड. आणि पैसे आल्यावरही या कंपनीशी पटत नसेल तर हातातली कामं पूर्ण करून शांतपणे थांबा, घेतलेलं काम रागानं अर्धवट सोडू नका.

अजून एक गोष्ट, जी तुम्ही विचारली नाहीत पण या मनःस्थितीत माणूस तिथे फसतो म्हणून सांगते. खऱ्या कंपन्या उत्तर देत नाहीत म्हणून वैतागलेलं असताना मेसेजवर कोणीतरी भेटतं, दोन मिनिटांत रिप्लाय देतं, ताई-मॅडम करतं, रात्री अकरालाही उत्तर देतं. असले फसवणारे लोक आधी तुम्हाला चेक पाठवतात, बँकेत भरा, तुमची फी ठेवा आणि उरलेले पैसे अमुक ठिकाणी पाठवा किंवा गिफ्ट कार्ड घेऊन त्यावरचे नंबर कळवा म्हणतात. चेक काही दिवसांनी खोटा निघतो आणि पाठवलेले पैसे तुमचे गेलेले असतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेनं, मिस्ट्री शॉपिंगच्या नावाखाली चालणाऱ्या याच फसवणुकीबद्दल वारंवार इशारे दिलेत. खरी कंपनी नोंदणीचे पैसे मागत नाही आणि आगाऊ चेक पाठवून उरलेले परत मागत नाही. पटकन उत्तर येतं म्हणून विश्वास टाकू नका, आणि उशिरा येतं म्हणून लबाडही ठरवू नका, करार, पोर्टल आणि आधीच्या पेमेंटची नोंद बघा.

तर या आठवड्यात तुम्ही दोन मेल पाठवा. पहिला वर लिहिलाय तसा हेल्पडेस्कला. दुसरा एडिटरसाठी, पोर्टलमधूनच, वर दिलेली पाच वाक्यं, आणि आधीच्या उत्तराचा सूर चढला होता त्याबद्दल एक ओळ, जास्त नको. रिपोर्ट परत उघडतील याची खात्री मी देत नाही, फी बहुतेक गेलीच असं धरा, पण खरेदीच्या रकमेसाठी मात्र ठाम राहा, कारण बंद काउंटरची बातमी तुम्ही वेळेत दिली होती आणि तसा मेल तुमच्याकडे आहे. काय उत्तर येतं ते मला जरूर कळवा, नाही आलं तरी कळवा.

आणि ती पावती. पत्रात म्हणालात की मूळ पावती पर्समध्येच आहे. दुकानातल्या पावत्या थर्मल कागदाच्या असतात, उन्हानं, उष्णतेनं, नुसत्या पर्समध्ये घासूनही अक्षरं उडतात. उजेडात सपाट ठेवून आजच फोटो काढा, तारीख, वेळ आणि बिल नंबर तिन्ही वाचता येतायत ना ते मोठं करून बघा, आणि मग ती पावती वहीत ठेवा.